खुराक, डबा आणि घरातले ताट

कोल्हापूर हे व्यायाम करणाऱ्यांचे शहर आहे, हे कुणाला पटवून द्यावे लागत नाही. पहाटे रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांची गर्दी बघितली, गंगावेश किंवा मोतीबाग तालमीतले जोर-बैठका मारणारे तरुण बघितले, गल्लीबोळात उघडलेल्या जिमचे फलक मोजले तरी पुरे. आमच्या मोहल्ल्यातही दहा वर्षांपूर्वी जिमला जाणारी मुले बोटावर मोजण्याइतकी होती. आता घरटी एक तरी आहे. आनंदाची गोष्ट आहे. पानटपरीवर संध्याकाळ घालवण्यापेक्षा लोखंड उचलणे केव्हाही चांगले.

पण याच लोकांना ‘तू खातोस काय?’ असे विचारून बघा. शरीराविषयी इतका जागरूक माणूस ताटाविषयी किती गोंधळलेला आहे, हे लगेच कळते. एकाने भात बंद केलेला असतो, दुसऱ्याने दूध. तिसरा रोज दहा अंड्यांचे पांढरे खातो आणि पिवळे फेकून देतो. चौथा डब्यातली पावडर पाण्यात हलवून पितो आणि घरी आईने केलेल्या डाळीला नाक मुरडतो. का, असे विचारले तर उत्तरे तीनच ठिकाणाहून आलेली असतात : वस्ताद म्हणाले, ट्रेनर म्हणाला किंवा रीलमध्ये बघितले. आहारशास्त्र शिकलेल्या माणसाचे नाव त्यात क्वचितच येते.

माझ्या मते इथे नुसत्या अज्ञानापेक्षा अर्धवट माहिती जास्त घातक ठरते आहे. आणि या अर्धवट माहितीची किंमत व्यायाम करणारा एकटा मोजत नाही. त्याच्या घरातले बाकीचे लोक, विशेषतः बायका, ती मोजतात.

खुराकाचा वारसा

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, पैलवानांच्या खुराकाची सोय केली. १९०२ साली ते युरोपला गेले होते. रोममधले भव्य आखाडे बघून त्यांनी कोल्हापुरात तसे मैदान उभे करण्याचे मनावर घेतले. खासबागचे काम १९०७ मध्ये सुरू झाले आणि १९१२ मध्ये पूर्ण झाले. गामा पैलवानांचे बंधू इमामबक्ष त्या मैदानात लढले. जातीधर्माचा हिशेब न करता ताकद आणि डाव बघणारे हे मैदान होते, म्हणून आमच्या घरांतही खासबागचे नाव आपलेपणाने घेतले जाते. बाबूजमाल आणि काळाइमाम ही या शहरातल्या तालमींची नावे आहेत, एवढे सांगितले तरी कळावे.

या परंपरेने आपल्याला ‘खुराक’ हा शब्द दिला. कुंडीत घोटलेली बदामाची थंडाई, लिटर-लिटर म्हशीचे दूध, तूप, मटणाचा रस्सा. त्या काळी हे सगळे योग्यच होते. पहाटे उठून हजाराच्या हिशेबात जोर-बैठका मारायच्या, हौद्यातली माती खणायची, संध्याकाळी पुन्हा लढती करायच्या, अशा माणसाच्या अंगात ते तूप जिरत होते.

अडचण पुढे सुरू होते. तालमीतली मेहनत सुटली, पण खुराक सुटला नाही, असे कितीतरी जुने पैलवान आपण आपल्याच गल्लीत बघतो. चाळिशीनंतर पोट सुटते, मग साखर येते, मग रक्तदाब. आणि ज्याने आयुष्यात कधी हौदा बघितला नाही, तो नोकरदार पाऊण तास जिममध्ये घालवून घरी ‘खुराक’ मागतो. साधारण माणूस पाऊण तासाच्या व्यायामात दोनशे ते तीनशे कॅलरी खर्च करतो. एका वडापावात तेवढ्या भरून येतात. रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून येताना मित्रांसोबत मिसळ किंवा कटवडा खाल्ला तर हिशेब उलटाच होतो. मिसळ खाऊ नका, असे मी कोल्हापुरात बसून म्हणणार नाही. पण ‘चाललो म्हणून खाल्ली’ हे कारण देऊ नये. भूक लागली म्हणून, आवडते म्हणून खावी.

परंपरेतल्या काही गोष्टी तर आता सोडूनच द्यायला हव्यात. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढून तिथेच पेला तोंडाला लावण्याची मोठी हौस असते. त्या दुधाची चव मी नाकारत नाही. पण न उकळलेल्या दुधातून ब्रुसेलोसिससारखा ताप आणि क्षयाचे जंतूही माणसात येऊ शकतात. दूध उकळल्याने त्यातले प्रथिन नाहीसे होत नाही. कच्च्या अंड्यांचेही तसेच. पैलवान म्हणजे कच्ची अंडी फोडून पिणारा, असे चित्र आपल्या डोक्यात बसले आहे. कच्च्या अंड्यातले प्रथिन शरीर जेमतेम निम्मे शोषते. शिजवलेल्या अंड्यातले नव्वद टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जो कच्चे पितो, तो निम्मे अंडे वाया घालवतो.

प्रोटीन : शब्द माहीत, हिशेब नाही

आजच्या जिममध्ये सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द ‘प्रोटीन’ आहे. पण आपल्याला किती हवे, हे विचारले की आकडा हवेतून येतो. हिशेब तसा अवघड नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे सर्वसाधारण प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरते. ७० किलोच्या माणसाला सुमारे ५८ ग्रॅम. नियमित कसून व्यायाम करणाऱ्यासाठी आंतरराष्ट्रीय क्रीडा-पोषण तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये दर किलोमागे १.४ ते २ ग्रॅम अशी मर्यादा सांगितली आहे. त्याच माणसाला ९८ ते १४० ग्रॅम.

आता हे घरच्या ताटात बसते का बघू. तीन अंडी : १८ ग्रॅम. अर्धा लिटर दूध : साधारण १८. साठ ग्रॅम डाळ : १४. मूठ-दीड मूठ शेंगदाणे, म्हणजे पन्नास ग्रॅम : १२. दिवसभरात ज्वारीच्या चार भाकरी : २०. दीडशे ग्रॅम चिकन : ३०. बेरीज ११२. चिकन परवडत नसेल किंवा चालत नसेल तर पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या घ्या, जवळपास तेवढेच भरते. डब्याची गरज कुठेच पडली नाही. पावडरच्या एका मापात जेवढे प्रथिन लिहिलेले असते, तेवढे चार अंड्यांत मिळते.

इथे आणखी एक गैरसमज बोलून टाकतो. मुसलमानाच्या घरात रोज मटण शिजते, असे बाहेर अनेकांना वाटते. आमच्या मुलांनाही हळूहळू तसेच वाटायला लागले आहे. वस्तुस्थिती अशी की कष्टकरी मुस्लिम घरात रोजचे जेवण खिचडी-खट्टा, डाळ-भात, चपाती-भाजी हेच असते. गोश्त जुम्म्याला, पाहुणे आले तर किंवा दावतीत. आणि दावतीतल्या बिर्याणीच्या ताटात भात आणि तूप-तेल जास्त, बोटी दोन. कोल्हापुरातल्या बहुसंख्य हिंदू घरांतही रविवारच्या तांबड्या-पांढऱ्याची गोष्ट फार वेगळी नाही. एक दिवस भरपेट, सहा दिवस कोरडे. शरीर चरबी साठवते, तसे प्रथिन साठवून ठेवत नाही. रविवारी चापून खाल्लेले मटण गुरुवारच्या व्यायामाला उपयोगी पडत नाही. रोजच्या ताटात थोडे थोडे हवे, आणि ते डाळ, अंडे, दूध, शेंगदाणा यांतूनच परवडते.

डबा विकणाराच सल्ला देतो

मी पावडरच्या विरोधात नाही. व्हे म्हणजे दुधापासून चीज-पनीर करताना उरणाऱ्या पाण्यातून काढलेले प्रथिनच आहे. ज्याला वेळ नाही, ज्याचा व्यायाम खरोखर जड आहे आणि ज्याला परवडते, त्याने जाणत्याला विचारून घ्यावे. माझा आक्षेप व्यवहाराला आहे. अनेक जिममध्ये आहाराचा तक्ता लिहून देणारा आणि डबा विकणारा माणूस एकच असतो. डॉक्टरनेच औषधाचे दुकान चालवले तर आपल्या मनात पाल चुकचुकते. इथे ती चुकचुकत नाही, कारण सांगणाऱ्याचे दंड मोठे असतात. दंडाचा घेर हे आहारशास्त्राचे प्रमाणपत्र नव्हे.

डब्यात काय असते, याचाही भरवसा नाही. २०२४ मध्ये केरळचे यकृततज्ज्ञ डॉ. सिरियाक ॲबी फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय बाजारातल्या ३६ प्रथिन पावडरी तपासल्या. त्यातल्या सुमारे ७० टक्के डब्यांवर प्रथिनाचे प्रमाण चुकीचे लिहिलेले निघाले. काहींत तर लिहिले त्याच्या निम्मेच होते. काही नमुन्यांत बुरशीचे विष सापडले. त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्रीय पोषण संस्थेने आहारविषयक मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यातही शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळाव्यात, असे स्पष्ट म्हटले आहे.

पावडरच्या पुढची पायरी तर भयंकर आहे. भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब खाली गेला तर तो वर आणण्यासाठी मेफेंटरमाइन नावाचे इंजेक्शन वापरतात. ते काही तरुण व्यायामाला ‘जोर’ यावा म्हणून टोचून घेतात. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी छापे घालून असा साठा पकडला आहे. त्याने हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, सवय लागते. स्टिरॉइडच्या सुया वेगळ्याच. त्या यकृत, हृदय आणि पुरुषाची प्रजननक्षमता यांवर घाव घालतात. आरोग्य कमवायला गेलेला मुलगा रुग्णालयाच्या दारात उभा राहतो, आणि घरच्यांना शेवटपर्यंत कळत नाही की तो काय घेत होता.

हलालच्या पुढचा शब्द

आमच्या मोहल्ल्यातली मुले एक प्रश्न मात्र आवर्जून विचारतात, ‘भाई, ये पावडर हलाल है क्या?’ प्रश्न रास्त आहे. चीज करताना दूध गोठवण्यासाठी वापरले जाणारे रेनेट काही वेळा जनावराच्या जठरातून घेतात, काही वेळा जंतूंपासून तयार करतात. गोळ्यांच्या कवचातले जिलेटिन कोणत्या जनावराचे, हेही बघावे लागते. डब्यावरचा शिक्का बघून मुले निर्धास्त होतात.

पण कुरआनात अन्नाविषयी बोलताना हलालच्या जोडीला ‘तय्यब’ हा शब्दही येतो. तय्यब म्हणजे चांगले, निर्मळ, अंगाला हितकारक. हा दुसरा शब्द आपण विसरून गेलो आहोत. शिक्का असलेल्या डब्यात भेसळ असेल तर ते तय्यब कसे? इफ्तारच्या दस्तरखानावरची तळलेली भजी, समोसे, गोड सरबते सगळी हलाल असतात, पण महिनाभर रोज तेच खाऊन ईदला वजन वाढलेले असते. खाणे-पिणे करावे पण मर्यादा ओलांडू नये, ही कुरआनची शिकवण आहे. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, असे पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. तिचे पालन दावतीत कितीजण करतात, हे सांगायला नको.

रमजानमध्ये व्यायाम करणाऱ्यांचे दोन गट पडतात. एक महिनाभर सगळे सोडतो. दुसरा सेहरीला फक्त चहा पिऊन दुपारी रोज्यातच जड वजने उचलतो आणि त्याला सबर म्हणतो. दोन्हींची गरज नाही. इफ्तारच्या थोडे आधी हलका व्यायाम करावा, किंवा जड व्यायाम तरावीहनंतर. सेहरी चुकवू नये आणि तिच्यात अंडी, दही, डाळ, भाकरी असे पोटात टिकणारे अन्न असावे. इफ्तार ते सेहरी या वेळात थोडे थोडे पाणी प्यावे. मधुमेह किंवा किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. त्यात दीनच्या विरुद्ध काही नाही. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहे.

अन्नाची भीती

माहितीच्या घोळापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती अन्नाकडे बघण्याच्या नजरेची. व्यायाम करणाऱ्या माणसाच्या बोलण्यात आता अन्न ‘क्लीन’ आणि ‘चीट’ अशा दोन रकान्यांत वाटलेले असते. शिरखुर्मा प्यायला की दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून तासभर जास्त पळायचे. लग्नात जायचे पण डबा घेऊन, नाहीतर जायचेच नाही. आरशात दंड कितीही फुगलेले दिसले तरी ‘अजून बारीकच आहे’ असे वाटत राहायचे.

याला वैद्यकशास्त्रात नावे आहेत. ‘शुद्ध’ खाण्याच्या वेडाला अमेरिकेतले डॉक्टर स्टीव्हन ब्रॅटमन यांनी १९९७ मध्ये ऑर्थोरेक्सिया हे नाव दिले. पिळदार शरीर असूनही आपण किडकिडीत आहोत असे वाटण्याला त्याच वर्षी मसल डिसमॉर्फिया म्हटले गेले. आपल्याकडे मात्र या वागण्याचे कौतुक होते. ‘केवढा शिस्तीचा आहे’ म्हणून लोक पाठ थोपटतात. मुलगी जेवण टाळू लागली तर निदान आई काळजी करते. मुलगा फक्त उकडलेले चिकन खातो तेव्हा त्याचा अभिमान वाटतो.

दुसरीकडे वजन उतरवण्याचा अघोरीपणा आहे. मॅटवरच्या कुस्तीत वजनगट आले. त्यामुळे स्पर्धेआधी उपाशी राहणे, पाणी तोडणे, घाम काढणे आले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट फक्त १०० ग्रॅम जास्त भरल्यामुळे अंतिम फेरीतून बाद झाली, तेव्हा देशाला हा प्रकार कळला. ऑलिंपिकच्या खेळाडूमागे निदान डॉक्टर उभे असतात. गावच्या पोराला मात्र ऐकीव माहितीवरच पाणी तोडावे लागते. शरीर मोठे म्हणजे ताकद मोठी, हाही भ्रमच. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, ते ५७ किलोच्या गटात.

ताट कुणाचे?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माझ्या माहितीतले एक घर आहे. बाप रिक्षा चालवतो, थोरला मुलगा जिमला जातो. त्याच्यासाठी महिन्याला डबा येतो, अंड्यांचे ट्रे येतात. फ्रीजमधले दूध ‘भाईचं’ म्हणून बाजूला राहते. धाकटी बहीण कॉलेजला जाते, तिला चक्कर येते. आई सगळ्यांचे झाल्यावर उरलेले जेवते. त्या मुलाला कुणी वाईट म्हणणार नाही. तो कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे. पण घरातले प्रथिन एका दंडात गोळा झाले आहे आणि त्याच्या ते लक्षातही आलेले नाही.

हे एका घराचे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे दर दोघींपैकी एकीहून जास्त. रंकाळ्यावर आता बुरख्यातल्या, नऊवारीतल्या, ट्रॅकसूटमधल्या बायका एकत्र चालताना दिसतात, याचे मला फार समाधान वाटते. पण त्यांच्यातल्या अनेक जणी सकाळी रिकाम्या पोटी चालतात आणि वजन कमी व्हावे म्हणून रात्रीचे जेवण सोडतात. दमल्या की वय झाले म्हणतात. ज्यांच्या अंगात रक्तच कमी आहे, त्यांना ‘कमी खा’ हा सल्ला देणे हा अन्याय आहे. त्यांना आधी रक्त तपासणी हवी. मग पालेभाजी, डाळ, अंडे, गूळ-शेंगदाणे, परवडेल तेव्हा कलेजी, आणि सोबत लिंबू, म्हणजे लोह अंगी लागते.

म्हणून मी म्हणतो की व्यायाम करणाऱ्याचा आहार त्याच्या एकट्याचा राहू नये. डब्यावर जाणाऱ्या पैशातून घरातल्या सगळ्यांसाठी अंडी, दूध आणि डाळ वाढवली तर त्याच्या स्नायूंचे काही बिघडत नाही, आणि बहिणीची चक्कर थांबू शकते. जिमला जाणारा मुलगा हा बहुधा घरातला एकमेव माणूस असतो ज्याला ‘प्रोटीन’ हा शब्द ठाऊक असतो. त्याने तो शब्द आईच्या ताटापर्यंत पोहोचवावा.

यासाठी फार मोठी योजना लागत नाही. तालमी आणि जिम चालवणाऱ्यांनी वर्षातून दोनदा आहारतज्ज्ञाला बोलवावे आणि त्या दिवशी डबे विक्रीला ठेवू नयेत. शहरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, शिकलेले आहारतज्ज्ञ आहेत. मोहल्ल्याच्या जमातींनी रमजानच्या आधीच्या एखाद्या जुम्म्याला नमाजनंतर पंधरा मिनिटे या विषयाला द्यावीत, आणि बायकांसाठी वेगळी बैठक घ्यावी, कारण स्वयंपाक त्याच करतात आणि शेवटी त्याच जेवतात. वस्तादांनी पोरांना सांगावे की सुईने आलेली ताकद हौद्यात चालत नाही. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुलाच्या खोलीतला डबा उचलून एकदा त्याच्यामागचे बारीक अक्षर वाचावे, नाही समजले तर विचारावे.

शाहू महाराजांनी खुराक दिला तो सरकारी कोठीतून, सगळ्या जातीधर्मांच्या पैलवानांना. आज ती कोठी प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे, आणि तिथले वाटप आपल्याच हातात आहे. आज रात्री दस्तरखान घातले की एकदा बघा, घरातली सगळ्यात शेवटी जेवणारी व्यक्ती कोण आहे, आणि तिच्या वाटीत डाळ किती उरली आहे.